पंगत उठेपर्यंत

माणूस पृथ्वीवर यायच्या अब्जावधी वर्षं आधीपासून इथे नांदत असलेले मातीतले सूक्ष्मजीव माणसाशी पहिल्यांदा बोलले, ती थोर घटना भंडारा जिल्ह्यात, धामनटोल्याच्या बंद पडलेल्या मँगनीज खाणीच्या डंपवर घडली. बोलले काय, तर “आम्हाला डिक्कीतून आणलं.”

झनकलाल रहांगडाले तेव्हा कुदळीला टेकून उभे होते. खाणीत फोरमन म्हणून जन्म गेलेला. जमिनीखालून आवाज आला की आधी माणसं मोजायची, ही सवय. त्यांनी मोजली. ते स्वतः, नागपूरहून आलेल्या मृदाशास्त्रज्ञ कस्तुरे मॅडम आणि शेजारचे गेंदलाल पटले, सगळे वरच होते. म्हणजे आवाज रोपाच्या खड्ड्यातूनच आला होता.

“कोण बोललं जी?” त्यांनी विचारलं.

“वरपक्ष,” खड्डा म्हणाला. आवाज मोहरीएवढा बारीक, पण कोट्यवधी गळ्यांतून एकदम निघालेला.

कस्तुरे मॅडमनी गुडघ्यावर बसून आत पाहिलं. “शेंगा धरणाऱ्या झाडांच्या मुळांवर राहणारे आहेत,” त्या म्हणाल्या. “मानी असतात.”

हा डंप म्हणजे खाणीतून निघालेल्या दगडमुरमाचा काळा डोंगर. मे महिन्यात त्याच्यावर पापड भाजता आला असता. कुठेही उगवणारं गाजरगवतसुद्धा त्याच्याकडे पाठ करून उगवायचं. वारा सुटला की डंप गावात यायचा, आणि गावातलं पहिलं घर झनकलालांचं. वरणावर काळी साय धरायची. त्यांच्या पत्नी फुलवंताबाईंनी कितीतरी वर्षं ती साय चमच्यानं काढून फेकली. मग एका दुपारी त्यांनी चमचा खाली ठेवला आणि पोळपाट काखेत मारला.

“मी चालली भावाकडे तिरोड्याला,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “हा पहाड तुम्हीच शिट्ट्या मारमारून रचला ना? आता त्याच्यावर मी बसीन एवढी सावली पाडून दाखवा. मंग निरोप द्या. येईन.”

लाटणं तेवढं त्या विसरल्या. तेव्हापासून घरात लाटणं होतं आणि पोळपाट नव्हता, आणि झनकलाल भात खात होते.

म्हणून कस्तुरे मॅडम डंप हिरवा करायला आल्या तेव्हा गावातून कुदळ घेऊन पळत गेलेला पहिला माणूस म्हणजे झनकलाल. काम समजायला सोपं होतं. डंपवर खड्डे खणायचे. त्यांत शेणखत आणि साखर कारखान्याची मळी भरायची. वरून जीवाणूंचं पाणी ओतायचं आणि करंज, शिवण, खैर, बांबू लावायचे. जीवाणू हवेतलं नत्र पकडून झाडाला भरवतात, मुळं दगड फोडतात, पाला पडतो, पाला कुजतो, आणि दगडाची हळूहळू माती होते.

“निसर्गाला याला शेकडो वर्षं लागतात,” मॅडम म्हणाल्या होत्या. “आपण जरा घाई करतोय.”

त्या घाईतच घोटाळा झाला. जीवाणू निळ्या कॅनमध्ये भरून गाडीच्या डिक्कीत, स्टेपनीशेजारी ठेवून आणले. पावसाळा सरला तरी रोपं लावली तेवढीच राहिली. काही तर बुटकी झाली. एक शिवण परत बी व्हायच्या बेतात होती. म्हणून तिघांनी खड्डा उकरून पाहिला, तर खत जसंच्या तसं होतं आणि आतलं वऱ्हाड रुसून बसलेलं.

“बरोबर आहे त्यांचं,” गेंदलाल म्हणाले. “माझ्या साळ्याच्या लग्नात मला ट्रॅक्टरवर नेलं होतं, सिमेंटच्या बोऱ्यांसंगं. मी आजून बोलत नाही त्याच्याशी.”

“मंग काय करायचं जी?”

“काय करायचं म्हणजे? मान द्यायचा. पोरीच्या बापानं आणखी काय करायचं असते?”

वऱ्हाडाला खड्ड्यांतून परत कॅनमध्ये घेतलं, वेशीवर नेलं, आणि बँड लावून वाजतगाजत आणलं. कॅनला फेटा बांधला होता. झनकलालांनी कॅन डोक्यावर घेतला आणि डंपच्या पायथ्याशी उतरवून तांब्या पुढे केला.

“पाय धुतो जी तुमचे.”

“आम्हाला पाय नाहीत,” वऱ्हाड म्हणालं.

“मंग राहू द्यायचं का?”

“राहू द्यायची पद्धत आहे का तुमच्याकडे?”

झनकलालांनी पायथ्याचे दगड धुतले. मग टॉवेल-टोपीचा मान झाला. कोट्यवधी पाहुण्यांना मिळून एक टोपी दिली. सगळे तिच्यात बसले. “ढिली होते,” ते म्हणाले, पण ठेवून घेतली.

डंपभर पळसाच्या पत्रावळी मांडल्या. शेणखत वाढलं, मळी वाढली, बाजूला कुजक्या तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची कोशिंबीर. कोणी हात लावेना. यजमानानं दोन शब्द बोलल्याशिवाय पहिला घास घ्यायचा नसतो. झनकलालांनी चपला काढल्या, खांद्यावर टॉवेल टाकला, हात जोडले.

“मंडळी, सावकाश होऊ द्या. तुम्ही उठेपर्यंत हा माणूस बसणार नाही.”

आता हे वाक्य प्रत्येक लग्नात प्रत्येक यजमान म्हणतो, आणि पाहुण्यांच्या दुसऱ्या भाताला मांडवामागे पोत्यावर जाऊन टेकतो. पण गेंदलालांच्या हातातली बादली सुटली.

“काय बोलून बसले जी तुम्ही! असं माणसांना म्हणायचं असते!”

“काहून? काय झालं?”

“हे जेवले की एकाचे दोन होतात, दादा.”

तसंच झालं. पोट भरलं की एकाचे दोन व्हायचे. पहिला तृप्त असायचा, दुसरा उपाशी. आणि शेजाऱ्याचं झाल्याशिवाय पानावरून उठायचं नाही, हे वळण त्यांना नागपूरच्या प्रयोगशाळेतच लावलेलं होतं. पंगत लांबत गेली. डंपच्या टोकावरून ती उतारावर आली, उतारावरून झनकलालांच्या अंगणात, दारातून ओसरीवर, आणि मग स्वयंपाकघरात. स्वयंपाकघर पाहुण्यांसाठी लांब झालं. चुलीपासून मोरीपर्यंत जायला गेंदलालांना सायकल लागू लागली.

डंप मात्र हिरवा होत चालला होता. आधी दगडांच्या फटीत गवत आलं. मग करंजाला तांबूस पालवी. गांडुळं न बोलावता आली, त्यांनाही बसवलं. बुटकी झालेली शिवण पुन्हा उंच व्हायला लागली, जरा ओशाळून. आणि सगळ्यांच्या मधोमध, खांद्यावर टॉवेल टाकून, झनकलाल उभे होते. “घ्या, घ्या. लाजू नका. आणखी येतंय.”

उभ्या माणसाचं होतं तेच त्यांचं झालं. आधी पावलं रुतली, मग घोटे. अंगठ्याला खाली कुठेतरी गारवा सापडला आणि तो एकटाच पुढे निघून गेला. सदरा कडक झाला, त्याला उभ्या भेगा पडल्या. कस्तुरे मॅडम येऊन त्यांच्या छातीभोवती टेप धरून गेल्या.

“बुंधा छान धरलाय,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, मी जरासा टेकू का?”

“तुम्ही बसलात तर पंगत उठेल. आत्ता पंगत उठली तर हे सगळं वाळून जाईल. डंप होता तसा.”

“आणि आमच्या घरची?”

मॅडमनी टेप गुंडाळला. “ते माझ्या विषयात येत नाही.”

एका दुपारी गुडघ्यांनी दगा दिला. फार नाही, सुपारीभर वाकले. त्याबरोबर डंपभर, अंगणभर, लांबच लांब स्वयंपाकघरभर घास पानावर थांबले. करंजानं माना टाकल्या. पायथ्याशी थोडीशी काळी धूळ उठली आणि घराच्या दिशेनं पाहू लागली. झनकलालांना वरणावरची साय आठवली, खाली ठेवलेला चमचा आठवला. ते कण्हत सरळ झाले.

“होऊ द्या,” ते म्हणाले. “सावकाश होऊ द्या.”

पंगत पुन्हा सुरू झाली. झनकलालांच्या उजव्या कानातून एक पान आलं. त्यानंतर ते “भात घ्या” म्हणाले की पान यायचं, “मळी घ्या” म्हणाले की फांदी. ते आग्रही यजमान होते. दिवाळीपर्यंत त्यांचा चांगला विस्तार झाला.

गेंदलालांनी तिरोड्याला फोन लावला. “वहिनी, सावली पडली.”

“माझ्याएवढी?”

“बसून बघा.”

फुलवंताबाई पोळपाट काखेत घेऊनच आल्या. दारातून शिरून स्वयंपाकघर पार करता करता त्यांना दोनदा दम घ्यावा लागला. “एवढं मोठं कोणी करायला सांगितलं होतं?” त्या पाहुण्यांना ओलांडत म्हणाल्या. खिळ्याला टांगलेलं लाटणं काढून घेतलं आणि मागच्या दारानं डंप चढल्या.

करंज अजून कमरेएवढे होते. शिवण छत्रीच्या काडीसारखी. अख्ख्या डंपवर सावली एकच होती, गोल, दाट, आणि तिच्या एका फांदीवर टॉवेल लटकत होता. फुलवंताबाईंनी टॉवेल चिमटीत धरून पाहिला.

“किती दिवसांचा धुतला नाही,” त्या म्हणाल्या.

फांदी जरा खाली झुकली. त्यांनी टॉवेल काढून खांद्यावर घेतला, सावलीत बसकण मारली, पोळपाट मांडीवर ठेवला, त्याच्यावर लाटणं ठेवलं. वारा सुटला. त्यांनी पोळपाटावरून बोट फिरवलं आणि बोट डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ तिथेच धरलं. बोट स्वच्छ होतं. मग त्या बुंध्याला पाठ लावून टेकल्या, आणि खालून पंगतीचा मोहरीएवढा आवाज आला, “इकडे वाढा.” झनकलालांनी एकही पान हलू दिलं नाही.

फुलवंताबाईंनी डोळे मिटले. थोड्या वेळानं पाय जवळ घेतले. मग आणखी जवळ घेतले. मग एक डोळा उघडून वर पाहिलं.

“ऐका ना जी,” त्या म्हणाल्या. “जरा डावीकडे सरकता का? पायावर ऊन येते.”