कवळीच्या रंगाची चौकट

बाईंनी दिव्यांच्या बटणाला बोट लावलं आणि विमानाचं इंजिन बंद पडलं. सकाळपासूनची ही चौथी वेळ. जेवणाच्या टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये धावपट्टी अगदी समोर दिसत होती आणि त्याच्या पुढ्यात, जाड शब्दकोशाला टेकवून ठेवलेल्या टॅबलेटवर, विमानातले सगळे काटे एकेक करून शून्याकडे निघाले होते. बाईंनी लॅपटॉपला जोडलेली दांडी ओढून पाहिली. विमान कुणाच्या तरी शेतात उतरलं. उतरलं हा बाईंचा शब्द. बघणाऱ्याने आपटलं असंच म्हटलं असतं.

“पडलं का?” मागच्या खोलीतून नवऱ्याने विचारलं.

“पाडलं,” बाई म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

टॅबलेट मुलीने दिला होता. आईने त्यावर नातवंडांची तोंडं बघावीत, शब्दकोडी सोडवावीत, एवढाच तिचा साधा हेतू. बाईंनी आठवड्याभरात तो लॅपटॉपला जोडला आणि त्याचं विमान करून टाकलं. लॅपटॉपवर बाहेरचं आकाश, टॅबलेटवर आतले काटे आणि बटणं. बटणाच्या चित्राला बोट लावलं की खरं बटण दाबल्यासारखं काम होतं. मुलीला हे कळलं तेव्हा ती फोनवर बराच वेळ बोलली. तुझ्या वयाच्या बायका बाग करतात, हे तिचं मुख्य म्हणणं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि फुलं आपली आपण येतात, त्यांना माझी गरज नाही, असं सांगून फोन ठेवला.

बाईंनी एकतीस वर्षं विमान चालवायला शिकवलं. दोन वर्षांपूर्वी हात कापायला लागला. डॉक्टरांनी कंपवात असं नाव सांगितलं आणि त्याच आठवड्यात परवाना गेला. आकाश गेलं तरी विमानशाळेतली सरावाची खोली उरली होती. तिथे जमिनीवरच्या खोट्या विमानात विद्यार्थ्यांना बसवायचं आणि शेजारच्या खुर्चीतून शिकवायचं. तिथे हात कापला तरी कुणाच्या जिवाला धोका नव्हता. त्या खोलीतलं जुनं यंत्र लोखंडी होतं. त्याचे खटके बोटाला जड लागायचे आणि दाबले की टक् असा आवाज यायचा. गेल्या महिन्यात ते भंगारात निघालं. त्याच्या जागी तीन मोठे पडदे आले, हादरे देणारी खुर्ची आली, आणि खटक्यांच्या जागी आला एक टॅबलेट. शिकवणाऱ्या प्रत्येकाने या नव्या यंत्रावर एकदा तपासणी द्यायची, असा नियमही मागोमाग आला.

तपासणी घेणारा मुख्य प्रशिक्षक बाईंचाच जुना विद्यार्थी. त्या काळी तो रोज विमानाच्या पंखावर डोकं आपटून घ्यायचा, म्हणून बाईंनी त्याला लंबू म्हणायला सुरुवात केली आणि पुढे सगळ्या शाळेने ते नाव उचललं. आता ऑफिसात बाई त्याला सर म्हणत. त्याने बाईंना बोलावून, दार लावून घेऊन, फार मऊ आवाजात सांगितलं होतं की तुमची इच्छा नसेल तर तपासणी टाळता येईल. निरोपाचा छान कार्यक्रम करू, तुम्हाला विश्रांतीही मिळेल. त्या मऊ आवाजानेच बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“तारीख सांगा,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

तारीख चौदा दिवसांवरची मिळाली. आणि घोडं अडलं ते टॅबलेटच्या काचेवर. हात कापायचा, त्यामुळे नेम एका बटणावर धरला की बोट शेजारच्या बटणावर पडायचं, किंवा एकदा दाबलेलं दोनदा लागायचं. हे दुखणं झालं. त्याचा राग कुणावर काढणार? दुसरी अडचण जास्त झोंबणारी होती, कारण ती बाईंनी स्वतः कमावलेली होती. विमान उतरवण्याआधी तपासायच्या गोष्टींची एक यादी असते. ती नुसती डोळ्यांनी वाचायची नाही, हे बाईंचं पहिल्या दिवसाचं शिकवणं. प्रत्येक खटक्यावर बोट ठेवा, त्याचं नाव घ्या, मग पुढे चला. डोळे फसतात, बोट फसत नाही. शंभरावर वैमानिकांच्या हातात त्यांनी ही सवय घातली होती. लोखंडी खटक्यावर बोट नुसतं ठेवलं तर काही होत नाही. काचेला मात्र ठेवणं आणि दाबणं यांतला फरक कळत नाही. बाई इंधनावर बोट ठेवून “इंधन चालू” म्हणायच्या, आणि त्या बोटानेच इंधन बंद व्हायचं.

पाचव्यांदा विमान पडलं तेव्हा नवरा दारात येऊन उभा होता. तो दंतवैद्यांना कवळ्या करून द्यायचा, चाळीस वर्षं झाली. मागच्या खोलीत त्याचे प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत आणि त्याच्या अंगावरचा एप्रन कायम भुकटीने पांढरा असे. त्याने बाईंचा हात काही वेळ पाहिला. चेहरा नाही, हातच.

“अगं, तुझा हात अधांतरी आहे,” तो म्हणाला. “डॉक्टर दातात काम करतो तेव्हा एक बोट शेजारच्या दातावर टेकवतो. टेकल्याशिवाय कुणाचाच हात स्थिर राहत नाही. तुला टेकायला जागा कुठाय?”

“काचेवर टेकलं की इंजिन जातं.”

“मग काचेवर नको टेकू.”

त्याने टॅबलेटवर पातळ कागद ठेवून एकेक बटण पेन्सिलीने उतरवून घेतलं. बाईंनी शाळेतल्या यंत्राची मांडणी घरी जशीच्या तशी लावली होती आणि टॅबलेटही त्याच मापाचा होता, त्यामुळे एकच माप दोन्हीकडे चालणार होतं. दोन दिवस मागच्या खोलीतून घासण्याचा आवाज येत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने टेबलावर आणून ठेवली ती चौकट टॅबलेटवर चपखल बसली. प्रत्येक बटणाच्या जागी भोक, आणि प्रत्येक भोकाला उंच काठ. दिव्यांसाठी गोल, पंपासाठी चौकोनी, इंधनासाठी तिकोनी, म्हणजे न बघता बोटाला कळावं. घरात होतं ते सामान त्याने वापरलं होतं, त्यामुळे चौकटीचा रंग हिरड्यांचा गुलाबी होता.

बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली.

“दात बसवायचे राहिलेत,” त्या म्हणाल्या, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसल्या.

पुढचे अकरा दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. बोट काठावर टेकायचं, नाव घ्यायचं, पुढे जायचं. बदलायचं असेल तेव्हाच भोकात उतरायचं. आत बोट थरथरत राही, भोकाच्या भिंतींना लागत राही, पण लागायचं त्याच बटणाला लागे. मुलीचा फोन आला की नवरा बाहेर जाऊन तो घेई आणि आई कामात आहे असं सांगे. तो खोटं बोलतोय असं मुलीला वाटायचं. तो अगदी खरं सांगत होता.

तपासणीच्या दिवशी लंबू फळीला अडकवलेला छापील कागद घेऊन सरावाच्या खोलीत आला. त्याने आधी बाईंची विचारपूस केली, मग टॅबलेटवर बसवलेली गुलाबी चौकट पाहिली.

“हे काय आहे?”

“टेकू.”

बाहेरची कुठलीही वस्तू लावून तपासणी घेता येत नाही, असं लंबूने सांगितलं. यंत्र जसं आलं तसंच वापरायला हवं. विद्यार्थ्यांना अशी चौकट मिळणार नाही, मग शिकवणाऱ्याला कशी द्यायची? त्याचं बोलणं मुद्देसूद होतं आणि आवाज पुन्हा तसाच मऊ होता.

“तुम्ही चष्मा लावून उडता, सर,” बाई म्हणाल्या. “मी कधी काढायला सांगितला नव्हता.”

“चष्मा नियमात बसतो, बाई.”

“मग हेही बसवा. नियम आभाळातून पडलेले नाहीत.”

लंबूने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वाद घालायला तो आला नव्हता, हे दिसत होतं. त्याला हे लवकर आणि सभ्यपणे संपवायचं होतं. प्रश्न फक्त सवयीचा आहे, तो म्हणाला, शांत हवेत मी नुसतं बघत बघत सहज केलंय. एकदा मी करून दाखवतो, मग तुम्ही चौकटीशिवाय करून बघा, नाहीच जमलं तर बोलू. त्याने चौकट हळूच उचलून बाईंच्या हातात दिली आणि डाव्या खुर्चीत, वैमानिकाच्या जागी बसला. त्याचे गुडघे टॅबलेटला लागत होते. कागद त्याने मांडीवर ठेवला.

“कागदावर हवा कुठली लिहिलीय?” उजव्या खुर्चीत बसत बाईंनी विचारलं.

“खराब.”

“मग दाखवायचं तेही खराब हवेतच.”

लंबूने हवा खराब केली. पडद्यांवर ढग काळवंडले आणि दोन्ही खुर्च्या हादरायला लागल्या. तो चांगला वैमानिक होता, यात बाईंना कधीच शंका नव्हती. डाव्या हाताने त्याने विमान सरळ धरलं, वळवलं, धावपट्टी बरोबर नाकासमोर आणली. मग त्याने उतरण्याआधीची यादी सुरू केली आणि त्याचा आवाज बदलला. तो ऑफिसातला मऊ आवाज नव्हता. वीस वर्षांपूर्वीचा, पाठांतराचा, थोडा घाबरलेला आवाज होता.

“इंधन,” त्याने काचेवर बोट ठेवलं, “चालू.”

बोट तिथेच राहिलं, नाव पूर्ण होईपर्यंत. मग ते पुढच्या बटणाकडे गेलं. दोन सेकंद काही झालं नाही. मग इंजिन खोकलं आणि गप्प झालं.

लंबूने पुन्हा इंधनावर बोट मारलं. खुर्चीने हादरा दिला आणि एकदा मारलेलं दोनदा लागलं. पुन्हा मारलं, तर दिवे गेले. त्याचे हात ठणठणीत होते, त्यांना कसलंही दुखणं नव्हतं, आणि तरी ते काचेवर बाईंच्या हातासारखेच चाचपडत होते.

बाईंना हसता आलं असतं. चौदा दिवस त्या याच घटकेसाठी दात खाऊन बसल्या होत्या, असंही कुणी म्हणू शकलं असतं. पण त्या बोटाकडे त्या बघत राहिल्या. ते बोट त्यांनीच तिथे ठेवलं होतं. एका उन्हाळ्यात, तापलेल्या विमानात, या पोराचं मनगट धरून खटक्याखटक्यावर नेलं होतं, त्याला कंटाळा येईपर्यंत, त्यांना स्वतःला कंटाळा येईपर्यंत. वीस वर्षांत तो मोठा झाला, मुख्य झाला, मऊ बोलायला शिकला, आणि त्याचं बोट मात्र ते विसरलं नव्हतं. बाईंना अभिमान वाटला आणि काचेचा भयंकर राग आला.

“इंजिन गेलं,” त्या म्हणाल्या. “काय करशील?”

“नाक खाली,” लंबू ताबडतोब म्हणाला. “वेग सांभाळायचा.”

“मग?”

“उतरायला जागा बघायची. मग इंधन.”

“तू जागा बघ. इंधन माझ्याकडे.”

बाईंनी चौकट काचेवर दाबून बसवली. त्यांचा हात हलत होता, खुर्चीही हलत होती. कुठलं हलणं कुणाचं हे कुणालाच सांगता आलं नसतं. करंगळी त्यांनी काठावर टेकवली आणि तर्जनी तिकोनी भोकात उतरवली. एकदाच दाबलं. इंजिन दोनदा अडखळलं आणि लागलं. धावपट्टी जवळजवळ चाकांखाली आली होती. विमान एकदा उसळलं, पुन्हा टेकलं आणि सरळ धावत जाऊन थांबलं.

खुर्च्या हादरायच्या थांबल्या. लंबूच्या मांडीवरच्या कागदाचा कोपरा चुरगळला होता. त्याने तो तळहाताने सरळ केला. पात्र आणि अपात्र असे दोन चौकोन कागदाच्या तळाशी होते.

“ही सवय तुम्ही लावलेली आहे, बाई,” तो म्हणाला.

“मीच लावली. आणि सवय चांगली आहे, काच वाईट आहे. शंभरावर माणसं हे बोट घेऊन उडतायत. त्यांना काय सांगू? आता बोट ठेवू नका, नुसतं बघा?”

लंबूने खिशातलं पेन काढून त्याचं टोपण उघडलं.

“मग मी इथे काय लिहू?”

“लिहिणं नंतर. तो कागद आधी खाली ठेव, हात मोकळे हवेत. विमान का उसळलं, ते सांग.”

“वेग जास्त होता.”

“का होता?”

“इंजिनाकडे बघत बसलो.”

“हं. चल, पहिल्यापासून. हवा तीच राहू दे.”

लंबूने टोपण लावून पेन खिशात ठेवलं. कागद त्याने खुर्चीखाली सरकवला आणि पट्टा आवळून घेतला. पडद्यांवर पुन्हा ढग आले. धावपट्टी समोर दिसू लागली तेव्हा त्याने हात पुढे केला, बोट गुलाबी काठावर टेकवलं आणि उजवीकडे मान वळवली.

“इंधन,” तो म्हणाला, आणि बाई बघेपर्यंत थांबला.