डेम एलुनेडचा नवरा

एलुनेड पॅरीला डेमचा, म्हणजे बायकांमधल्या 'सर'चा, किताब मिळाला आणि गावच्या पबमध्ये तिच्या नवऱ्याला, इद्वालला, कुणी सुखाने बिअर पिऊ देईना.

"या, सर इद्वाल! आज इकडे कुठे वाट चुकलात?" खाणीतला जुना जोडीदार ग्विलिम ओरडला.

"सर कसला बोडक्याचा! सरची बायको आपोआप लेडी होते. डेमचा नवरा होता तोच राहतो. नुसता मिस्टर."

"म्हणजे तू कोराच?"

"ठणठणीत कोरा," म्हणत इद्वाल हसला, आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली.

हा खोकला खाणीतला. छपरांवर घालायच्या दगडी पाट्या फोडता फोडता दगडाची धूळ छातीत जाऊन बसलेली. त्याच्या बरोबरीचे कितीतरी जण असेच खोकत गेले. मालकांचे डॉक्टर म्हणायचे, दमा आहे. एलुनेड गावची डॉक्टर. तिला ते पटेना. एकेका विधवेच्या स्वयंपाकघरात बसून तिने परवानग्या मिळवल्या, मेलेल्यांची फुफ्फुसं तपासली, लंडनच्या खेपा घातल्या. तिथले साहेब हसले तरी ही पुन्हा दारात हजर. शेवटी सरकारला कबूल करावं लागलं, हा धुळीचाच रोग. बायांना भरपाई मिळाली, खाणीत धूळ आवरायची सक्ती झाली. एवढं करून कुणी आभार मानले, की ही बाई विषय बदलायची. इद्वालला त्याचं कौतुक वाटे आणि रागही येई.

कार्डिफला सन्मानाची मेजवानी होती. मेजवानीच्या दालनापर्यंतचा जिना चढता चढताच इद्वालचा दम संपला. दारात लाल कोटातला माणूस पाहुण्यांची नावं पुकारत होता. त्याने कान पुढे केला.

"डेम एलुनेड पॅरी आणि मिस्टर इद्वाल पॅरी," एलुनेडने सांगितलं.

आत वाद्यांचा गजर चाललेला. त्याला काय ऐकू आलं कोण जाणे. वळून त्याने खणखणीत आवाजात पुकारलं, "सर इद्वाल आणि लेडी पॅरी!"

टाळ्या पडल्या. लोक कौतुकाने इद्वालकडे बघू लागले.

"जाऊ दे," एलुनेड त्याचा दंड दाबत पुटपुटली. "चल आत. सगळे आपल्यासाठीच थांबलेत."

इद्वाल हलला नाही. दुसऱ्यांसाठी मंत्र्यांशी भांडणारी ही बाई स्वतःच्या नावासाठी एक शब्द बोलणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याने चौकट धरली. छातीत होता नव्हता तेवढा वारा गोळा केला.

"चुकलं!" तो ओरडला. वाद्यं थांबली. "मी सर नाही. मी... खाणकामगार. मिस्टर पॅरी." मध्ये श्वास अडकला. कुणीतरी खुर्ची घेऊन धावलं, त्याने हातानेच नको म्हटलं. "किताब हिचा. आमच्या गावात जे म्हातारे... अजून जिवंत आहेत... ते हिच्यामुळे. हिला... डेम एलुनेड म्हणायचं."

लाल कोटवाल्याचा चेहरा कोटासारखाच झाला. "माफ करा, मॅडम," म्हणून तो ताठ उभा राहिला आणि त्याने पुन्हा पुकारलं, "डेम एलुनेड पॅरी! आणि मिस्टर इद्वाल पॅरी!"

सगळी माणसं उठून उभी राहिली. यजमान म्हातारे लॉर्ड काठी टेकत दारापर्यंत आले. "डेम एलुनेड," म्हणत ते तिच्यापुढे वाकले. मग इद्वालकडे वळून त्यांनी हात पुढे केला. "मिस्टर पॅरी, आज तुम्ही माझ्या शेजारी बसा."

एलुनेडच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात जरब. "एवढं ओरडायची काय गरज होती? डॉक्टरांनी काय सांगितलंय तुला?"

"डॉक्टर... तूच," इद्वाल धापा टाकत म्हणाला.

"मग ऐकत जा की!"

सगळ्यांदेखत तिने त्याच्या गळ्याचा बो सैल केला, पाठीवर तळहात ठेवला आणि त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत ती तिथून हलली नाही. टेबलांवर वाढलेलं सूप निवत होतं. लॉर्डसाहेबांसकट कुणीच चमचा उचलला नव्हता.