शिकाऱ्याची सावली

रक्तपिशाच्चांच्या शिकाऱ्यावर तिसरा सिनेमा निघाला, तेव्हा म्हातारी नवऱ्याला म्हणाली की दोनदा नाक कापून घेतलंत, आता कापायला उरलंय काय. पण म्हातारा हटून बसला. शिकारी त्याच्या हातचा. उभं आयुष्य त्याने ती चित्रकथा काढली होती. आता डोळे गेले होते, सिनेमाचा पडदा म्हणजे नुसता उजेडाचा डाग. निदान एकदा तरी आपला शिकारी खरा उतरलेला कळावा, एवढी एकच हाव उरली होती. सून सगळंच छान सांगायची, म्हणून तिच्यावर त्याचा भरवसा नव्हता. बायकोने जन्मात कशाला छान म्हटलं नव्हतं. तीच त्याला शेजारी हवी होती.

चित्रकथेत शिकारी त्याचा असला तरी सावली हिची. रेघा तो मारायचा, काळं भरायचं काम हिचं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भांडी आवरून झाली की. शाळेशी हिचं फारसं जमलं नव्हतं. सावली दिव्याच्या उलट बाजूला पडते हे तिलाही दिसत होतं, पण कागदाचा जो कोपरा उघडाबोडका वाटे तिकडे ती सावली लोटून द्यायची. दिव्याकडे तर दिव्याकडे. पहिल्यांदा म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला, तेव्हा ही म्हणाली होती, "तुमचा शिकारी दमलाय. तो टेकलाय तोवर सावली पुढे जाऊन बघून येईल." त्याच कोपऱ्यात पिशाच्च दडवायचं त्याला तिथल्या तिथे सुचलं. पुढे वाचणारे शिकाऱ्याचं तोंडही बघेनासे झाले. सावली कुठे वळलीय ते बघायचे, आणि पान उलटायला कचरायचे.

पहिल्या सिनेमातला शिकारी फोटो काढायला निघाल्यासारखा नटलेला, आणि सावली दिव्याने टाकली तिथे मुकाट पडलेली. दुसऱ्यात धूरच एवढा की सावलीला जागा नाही. दोन्ही वेळा हिने नवऱ्याच्या कानात जे सांगितलं ते मागच्या रांगेलाही नीट ऐकू गेलं होतं.

तिसऱ्यात शिकारी आला तो एका खांद्यावर कललेला.

कोट ढगळ आहे, ती पुटपुटली. म्हाताऱ्याने मान डोलावली. कोट त्याने ढगळच काढला होता.

जिन्यात एकच दिवा होता. शिकारी दमून पायरीवर टेकला. सावली त्याच्या मागे भिंतीवर. आणि मग ती हलली. शिकारी जागचा हलला नव्हता. सावली एकटीच भिंतीवरून सरकत, दिव्याला ओलांडून, वरच्या बंद दाराकडे निघाली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर म्हातारीच्या कुंचल्याखाली वाळलेलं ते काळं भिंतीएवढं होऊन चालत होतं, आणि थिएटरभर माणसं श्वास रोखून त्याच्याकडे बघत होती.

ही गप्प बसलेली म्हाताऱ्याला ठाऊकच नव्हती. त्याने कोपराने ढोसलं. "अगं, इतकं वाईट आहे का? सांग, मी ऐकून घेईन."

तिने त्याचा तळवा उघडला. मनगटापाशी बोट टेकवलं, शिकारी इथे. तळव्याच्या मधोमध दाबलं, दिवा इथे. मग बोट सावकाश त्या दिव्यावरून पुढे नेत पार नखापर्यंत ओढलं.

"दिव्याकडे?" त्याने विचारलं.

"ओलांडून."

म्हाताऱ्याने तिच्या बोटासकट मूठ मिटली. पलीकडे बसलेली सून वाकून हळूच म्हणाली, काय चाललंय ते मी सांगू का बाबांना?

"तू गप बस," म्हातारी म्हणाली. "बघू दे त्यांना."