जाळीत शिरलेली मधमाशी

"चिमट्याची टोकंच जुळंनात. पहिले चिमटे कसे व्हते," गीताबाई कळीशीच पुटपुटल्या.

मागं उभ्या करुणानं, त्यांच्या सुनेनं, ते ऐकलं. चिमटा कालच तिनं नवा आणून दिला होता.

बिडकीनच्या त्या शेडनेटमध्ये टोमॅटोचं संकरित बियाणं व्हायचं. मधमाशीचं काम इथं बायका करत. मिटलेली कळी चिमट्यानं उघडून आतले पिवळे नर, म्हणजे पुंकेसर, काढायचे, मधली हिरवी काडी तेवढी ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी तिला दुसऱ्या वाणाच्या फुलाची पावडर लावायची. नराचा कण राहिला तर बी भेसळ, काडी मोडली तर फूलच गेलं. गीताबाईंचा हात असा, की नव्या पोरींना मुकादम त्यांच्याच शेजारी शिकायला उभं करायचा.

यंदा त्यांच्या डोळ्यांची शीर सुकत चालली होती. शहरातल्या डॉक्टरांनी करुणाला आणि तिच्या नवऱ्याला, राजकुमारला, बाजूला घेऊन सांगितलं, गेलेली नजर परत येत नसते. ड्रॉपनं उरलेली टिकली तर टिकली. घर येईपर्यंत राजकुमारनं त्याचं "ड्रॉप घाल आई, फरक पडंल" असं करून टाकलं होतं. त्याच्या तोंडून ऐकलं की वाटे, डॉक्टर उगाच शिकला.

करुणा सासूच्या मागची जागा मागून घेई. त्यांच्या कळ्या पुन्हा साफ करी, मोडलेल्या गुपचूप ओच्यात टाकी. बायकांना दिसायचं. शेजारच्या ओळीतली अंबिका एवढंच म्हणे, "करुणे, तुझी ओळ लई लांब असती बाई."

त्या सकाळी जाळीच्या फाटक्या कोपऱ्यातून मधमाशी आत शिरली.

"हाकला तिला," मुकादम अप्पाराव धावला. "कुठली पावडर कुठं नेईल, सगळं बाटवंल."

"ऱ्हाऊ द्या की, मुकादम. फुकट राबायला आलीय बिचारी," अंबिका म्हणाली. बायका हसत पदर झटकू लागल्या. माशी भिरभिरत गेली आणि गीताबाईंच्या समोरच्या फुलावर बसली.

सगळ्या जागच्या जागी थांबल्या.

"कुठं गेली गं?" गीताबाईंनी विचारलं, आणि त्याच फुलाला बोट लावलं.

माशी डसली. कुणी हसलं नाही. अप्पाराव खाली बघत म्हणाला, "मावशी, बसा जरा सावलीला," आणि उगाच पाण्याची नळी तपासायला गेला. सावली तर सगळ्या जाळीतच होती.

करुणानं त्यांना खाली बसवून नखानं काटा काढला. बोट टरारून फुगलं.

"समद्या गप का झाल्या?"

"काय नाय, आत्या."

"काय नाय कसं. माझ्या डोळ्यापुढं बसली व्हती ना ती?" गीताबाईंनी चिमटा मांडीवर ठेवला. "तू मागून कळ्या करतीस माझ्या. पाय थांबतो तुझा, ऐकू येतं मला. म्हटलं, नजर यीस्तोवर सांभाळून घेती पोरगी, घेऊ द्या." मग हळूच, "यील ना गं?"

अंबिकानं तोंड फिरवलं. करुणानं तो सुजलेला हात सोडला नाही.

"नाय, आत्या," ती म्हणाली. "डॉक्टरनं तवाच सांगितलं व्हतं. गेलेली नजर आता परत येणार नाय."