खिडकीखालची सफरचंदं

ओनोफ्रेला झटका येऊन उजवी बाजू गेली, तेव्हा एदेल्मिराने नवऱ्याची खाट स्वयंपाकघरात आणली आणि परसाकडच्या खिडकीला लावली. चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर काढलेला माणूस; भिंतीकडे बघत पडला असता तर महिन्यात खचला असता.

पृथ्वीच्या त्या दक्षिण टोकाला सप्टेंबर सरताना थंडी हटली, पाऊस जरा उघडला आणि परसात पुदू यायला लागली. गुडघ्याएवढं तांबूस हरीण, महाभित्रं. ती मादी जंगलाच्या कडेला, सफरचंदाच्या झाडाखाली कोवळं गवत खायची. ऑक्टोबरात तिच्यामागे ठिपक्यांचं पाडस दिसलं. ती आली की ओनोफ्रे डाव्या हाताने खाटेची कड वाजवायचा आणि जड जिभेने म्हणायचा, "म्हातारे, आली."

एदेल्मिरा पिठाच्या हातांनीच धावत यायची. कोठारातली सुरकुतलेली सफरचंदं ती परसात टाकू लागली. रोज थोडी अलीकडे, म्हणजे त्याला नीट दिसेल. शेवटी शेवटी तर ऐन खिडकीखाली.

"लाडावलंस तिला," तो म्हणाला.

"तुला लाडावून झालं. आता तिची पाळी."

एका मंगळवारी ती त्याच्या गोळ्या आणायला खाडीपलीकडच्या गावात गेली. परतीची बोट उशिरा सुटली. घरी पोचेपर्यंत दुपार टळली होती. खाट रिकामी होती. ओनोफ्रे मागच्या दाराशी पालथा पडला होता. कपाळ फुटलेलं, अंग गार, डावा हात कडीच्या दिशेने ताणलेला. कडी वीतभर वर राहिली होती.

"कुत्री," एवढंच तो बोलला.

त्याला कसंबसं खाटेवर घेऊन, जखम बांधून, पांघरूण घालून मगच तिने दार उघडलं. मादी खिडकीखाली पडली होती, पोट फाडलेलं. खाल्लं नव्हतं, नुसतं मारून टाकलं होतं. पाडसाला तिने ओढ्यापर्यंत शोधलं. ते सापडलं नाही.

शेजारच्या रुदेसिंदोची दोन कुत्री होती, तीच ही. दुसऱ्या दिवशी सकाळी एदेल्मिरा त्याच्याकडे गेली तेव्हा तो ओसरीवर बटाटे निवडत होता.

"कुत्र्याची जातच ती, एदेल्मिराबाई. हरीण दिसलं की धावणारच."

"माझा माणूस अर्धा दिवस जमिनीवर पडला होता."

रुदेसिंदोने हातातला बटाटा खाली ठेवला. "ते वाईट झालं. बांधून ठेवतो कुत्री. पण खरं सांगू? ती हरणी कधी मोकळ्यावर येत नसे. फळं टाकून तुम्हीच आणलंत तिला."

ती तशीच मागे फिरली.

ती घरी आल्यावर ओनोफ्रेने विचारलं, "काय म्हणाला?"

"बांधतो म्हणाला."

तो एकेक शब्द ओढत म्हणाला, "जंगलाकडे पळायला वाट होती तिला. तिकडे नाही गेली. इकडे आली, काचेपाशी. माझ्याकडे बघत होती."

एदेल्मिरा खाटेच्या कडेवर बसली. त्याचा हात धरावा असं वाटलं, पण धरवला नाही.

"खाट फिरव," तो म्हणाला.

एकेक पाय उचलत तिने एकटीनेच खाट चुलीकडे फिरवली. उरलेली सफरचंदं डुकरांना घातली. रुदेसिंदोची कुत्री चार दिवस बांधलेली होती, पाचव्या दिवशी पुन्हा मोकळी हिंडू लागली. ओनोफ्रे डिसेंबरात छातीत कफ भरून गेला. तोवर त्याने खिडकीकडे एकदाही मान वळवली नाही, आणि तिनेही कधी वळव म्हटलं नाही.