दुसरी बाटली

टिंग, टिंग, टिंग.

घर कसं गपगार होतं. हे आत निजले होते, डोक्याची पट्टी नुकतीच बदललेली. आवाज नको म्हणून मी भाकरीही थापली नव्हती, रात्रीचीच कुस्करून खाल्ली होती. आणि मागच्या दारी माझी पाच वर्षांची छबू चमच्यानं बाटली वाजवत बसलेली.

"बाबा उठतील ना, बाळा," म्हणत मी तिच्या हातातून बाटली घेतली. आत चिंचोके होते. बाहेर चिकटवलेल्या चिठ्ठीवर निळ्या शाईत यांचं नाव होतं, कानिफनाथ, आणि खाली तारीख, १४-९-७१.

मी झाकण काढून आत पाहिलं. नुसते चिंचोके.

तीन आठवड्यांपूर्वी पुण्यात यांच्या मेंदूतली गाठ काढली. डॉक्टरांनी तिचे तुकडे औषधाच्या पाण्यात घालून दोन बाटल्या माझ्या दिराच्या, सूर्यभानच्या हाती दिल्या. एक तपासणाऱ्या डॉक्टरांकडे पोचवायची, दुसरी लागली तर असावी म्हणून जपून ठेवायची. ती त्यानं नेवाशाच्या एसटीत मांडीवर धरून आणली आणि फडताळात वरच्या फळीवर ठेवली.

आज सकाळी तो तपासणीचा निकाल घेऊन आला होता. यांना ऐकू जाऊ नये म्हणून ओट्यावर बसून हळूच सांगत होता.

"वहिनी, त्या गाठीत दोन जातीच्या पेशी हायेत. जवारीत बाजरी मिसळल्यागत. अशी गाठ त्या डॉक्टरनं सगळ्या जन्मात दोनदाच पाह्यली, म्हनले. एक जात सावकाश वाढती. ती नुसती असती तर काळजी नव्हती. दुसरी लई झपाट्यानं वाढती. आपल्या तुकड्यात ती कडंला जराशीच घावली. खरी किती हाय, ते दुसरा तुकडा बघून सांगनार."

"आणि जास्त असली तर?"

"तर लगेच किरनांचा शेक द्यायचा. नसली तर देऊ नये म्हनत्यात, चांगला मेंदू बी भाजतो."

दुपारी चारच्या एसटीनं तो दुसरी बाटली घेऊन पुन्हा जाणार होता. ती बाटली आता माझ्या हातात होती.

"आत्याबाई," मी सासूबाईंना हाक मारली, "यातलं कुठाय?"

त्या शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"पुरलं म्या. दुसऱ्याच दिशी."

सूर्यभान ओट्यावरून उठून आला. "पुरलं? आई, अगं जपून ठेव म्हनलो व्हतो ना तुला?"

"जपलंच की. पोटच्या पोराच्या अंगाचा तुकडा लोनच्यावानी फळीवर ठिवायचा व्हय रे? त्याची नाळ पुरली हुती तिथंच पुरला, हळद-मीठ घालून. बाटली चांगली हुती, धुऊन घेतली."

"आता डॉक्टर मागतोय ते."

"डॉक्टरला आई न्हाई का?" त्या म्हणाल्या, आणि सोललेले दाणे टरफलांत टाकले.

मला रागावताच येईना. छबूची नाळही त्यांनी तिथंच पुरली होती. तेव्हा बाळंतिणीच्या खाटेवर पडल्या पडल्या मला किती निर्धास्त वाटलं होतं, की माझ्या लेकराचं काहीही कुत्र्यामांजराच्या तोंडी जाणार नाही.

मोरीमागं पेरूचं झाड आहे. सूर्यभाननं तिथं कुदळ घातली आणि दोन घावांनंतर ती टाकून हातांनीच उकरायला लागला. हळदीनं पिवळी झालेली एक चिंधी निघाली. तिच्यात चिखल, आणि चिखलात मुंग्या. तो कोपरापर्यंत हात घालून चाचपत राहिला. आणखी काही निघालं नाही.

"एवढा चिखल कशाचा?" तो म्हणाला. "मोरीचं पानी तर तिकडं जातंय."

"मी घालते की," छबू म्हणाली. "रोज तांब्याभर. आजीनं पेरलं तवापसनं."

सासूबाई दारातच खाली बसल्या. पदर तोंडाशी धरला.

सूर्यभाननं हात झटकले. माझ्याकडं न बघता म्हणाला, "वहिनी, एसटीची येळ झाली. डॉक्टरला काय सांगू? शेक द्या म्हनू का नको म्हनू?"

आतून यांनी पाणी मागितलं. आवाज स्वच्छ होता, अगदी पूर्वीसारखा. गेल्या आठवड्यापासून यांना शब्द आठवायला लागले होते, काल छबूला बेरजा घातल्या होत्या. मी "आले" म्हटलं आणि खड्ड्याशीच उभी राहिले. डोळ्यांपुढं ज्वारी दिसत होती, ओंजळभर, आणि तिच्यात कुठं कुठं बाजरीचे दाणे. किती, ते मोजायला ओंजळच उरली नव्हती.

छबू खड्ड्याच्या काठाशी उकिडवी बसली होती. वाकून तिनं आत नीट बघितलं. मग चिखलाचा हात माझ्या हातात दिला.

"आई, इथं तर न्हाई उगवलं," ती म्हणाली. "मंग कुठं उगवंल गं?"