दोन डाव्या बाह्या

दोष त्याच्या थोरल्या भावाचा. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही उगाच नशिबाकडे बोट दाखवणार नाही.

मी एक ग्राही, म्हणजे रिसेप्टर, बोलतोय. पुस्तकातल्या चित्रात मी पेशीच्या कडेला ठोकलेल्या खुंटीसारखा दिसतो. मेंदूत कचरा उचलणाऱ्या पेशी असतात, त्यातल्या एकीच्या अंगावर माझी जागा. मला डोळे नाहीत, हात नाहीत. आहे तो स्पर्श. बाहेर प्रथिनाचा चिकट गोळा साचला की तो मला लागतो आणि मी आत कळवतो, इथे घाण आहे, उचला. मी कळवलं नाही तर पेशी त्याच्या शेजारून खुशाल निघून जाते. उचलणं माझं काम नाही. सांगणं माझं काम.

आमचं आयुष्य थोडं. एक गळतो, दुसरा त्याच जागी बसतो. तेव्हा 'मी' म्हणजे त्या एका जागेवर बसून गेलेले आम्ही सगळे, असं धरा. आणि बाहेरचं मला कसं कळलं म्हणाल, तर या डोक्याच्या मालकाच्या कानावर पडलेलं ज्या तंतूंवरून जायचं, त्यांच्या बुडाशीच आमची वस्ती.

ज्याच्या डोक्यात मी होतो तो कोट बेतणारा मास्टर. दुकानात पुढे गिऱ्हाइकांशी बोलायला थोरला भाऊ, आत मोठ्या टेबलाशी मास्टर, आणि खिडकीपाशी काज-बटणांना बसलेली मास्टरची मुलगी. या दुकानाची एक ख्याती होती. इथे मापं लिहून ठेवत नसत. मास्टर टेप लावायचा, आकडे तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा, आणि चार दिवसांनी कापडावर खडू फिरवताना एकही आकडा चुकायचा नाही. थोरला प्रत्येकाला छाती फुगवून सांगायचा, "आमच्याकडे वही नाही. आमची वही ही इथे." आणि भावाच्या डोक्यावर टिचकी मारायचा. ती टिचकी मला लागायची.

माझी घडण मुळातच जरा वाकडी. त्याच्या वडिलांकडून आलेली. गोळा दहा वेळा लागला तर पाच वेळा निसटायचा. तरुणपणी खपून गेलं, कारण कचराच कमी होता. साठीनंतर तो वाढला. मी कळवत राहिलो, अर्धंमुर्धं का होईना. पण पेशी थकली होती, आणि तिच्याच अंगच्या कात्र्या, म्हणजे तोडणारी विकरं, आम्हाला बुडापासून छाटत होत्या. शेजारचे जुने ग्राही म्हणायचे, "इतकी वर्षं काही झालं नाही, आत्ताच काय होतंय? गप बस." थोरले सगळीकडे सारखेच. गोळे वाढले. त्यांच्याभोवतीचे तंतू वाळायला लागले.

मग एका दुपारी एक गिऱ्हाईक नवा कोट घालून आरशासमोर उभं राहिलं. डावा हात ठीक बसला. उजवीकडे बाहीचा बाक कोपराच्या उलट बाजूला आला होता. दोन्ही बाह्या डाव्या होत्या.

थोरल्याने डोळ्याचं पातंही न लववता सांगितलं, "पोरीने घोळ घातला, साहेब. लक्ष कुठे असतं हिचं."

"काका, मी फक्त बटणं लावते," मुलगी म्हणाली.

"तोंड वर करून बोलू नकोस. बापाच्या नावाचा प्रश्न आहे."

मास्टर गळ्यात टेप अडकवून उभा होता. त्या बाह्या कुणी कापल्या ते त्याला आठवेना. म्हणून तोही मुलीवरच चिडला. "तुला किती वेळा सांगितलं की..." काय सांगितलं होतं ते आठवलं नाही. वाक्य तिथेच राहिलं.

त्या दिवसापासून मास्टर आकडे पुटपुटायला लागला की थोरला मागे उभा राहून ते गुपचूप तळहातावर लिहायचा. चुकलेलं कापड बाहेरच्या कारागिराकडून दुसऱ्यांदा बेतून आणायचा. दोन वर्षं हा तमाशा चालला.

"बाबांना डॉक्टरांना दाखवू या," मुलगी म्हणायची.

"काय दाखवायचंय? वय झालं की माणूस विसरतो."

"वय तुमचंही झालंय, काका. तुम्ही जेवायची वेळ कधी विसरला नाहीत."

काका हसायचे आणि विषय बदलायचे.

एकदा अस्तराचं कापड शोधायला ती माळ्यावर चढली, तर खोक्याच्या तळाशी वही निघाली. वही नसलेल्या दुकानाची वही. अक्षर तिच्या आजोबांचं. एकाच माणसाची मापं पाच वेळा लिहिलेली, पाचही वेळा वेगळी. शेवटच्या पानावर कुणाची तरी कंबर चार इंच. आणि त्याखाली थोरल्याच्या अक्षरात एक ओळ: 'बाह्या दोन्ही डाव्या. नव्या बेतल्या. बाबांना सांगितलं नाही.'

म्हणजे या माणसाने हे सगळं एकदा पाहिलं होतं. वडिलांचं विसरणं झाकण्यासाठी वही लपवली, आणि पुढे वही नसण्याचीच ख्याती करून ती विकली.

दुसऱ्या दिवशी ती बापाला डॉक्टरांकडे घेऊन गेली. काकाही मागोमाग आले.

"घरात आधी कुणाला असा त्रास होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे. आमच्याकडे सगळ्यांची डोकी तल्लख," काका म्हणाले.

मुलीने वही टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी शेवटचं पान सावकाश वाचलं. "ही खालची ओळ कुणाची?"

"माझी."

"दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर याचा वेग कमी करायचा प्रयत्न करता आला असता. ती औषधं सुरुवातीलाच देतात. आता ती वेळ गेली."

"लोकांना कळलं असतं तर दुकान बसलं असतं," काका म्हणाले.

"आणि आता बाबा बसलेत, ते चालेल?" मुलगी म्हणाली.

तोवर मीही छाटला गेलो होतो आणि मेंदूभोवतीच्या पाण्यात तरंगत होतो. खात्रीच्या तपासणीसाठी मास्टरला कुशीवर वळवून त्याच्या पाठीच्या कण्यातून ते पाणी काढलं, त्यात मी आलो. आता प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये एका काचेच्या नळीत आहे. इथे एक बाई आमच्यातले किती तुटले ते मोजते. इतक्या वर्षांत आमचं म्हणणं पहिल्यांदा कुणी लिहून घेतंय.

तुमच्या घरात कुणी दोन डाव्या बाह्या कापल्या तर त्या दुसऱ्याच्या नावावर ढकलू नका. सांगा. मी वाकडा जन्मलो तरी सांगत होतो. थोरला धडधाकट होता.

सुई टोचताना मुलीने बापाचा हात धरला होता. "घाबरू नका, बाबा."

"नाही घाबरत," मास्टर म्हणाला. "तुम्ही फार चांगल्या आहात. कुणाकडच्या तुम्ही?"

दोन वर्षं झाकून ठेवण्यात एवढं गेलं. आपल्याला एक मुलगी आहे, हे त्याला आता माहीत नाही.